जुनी पुस्तकं गोदामसेवेतून विकताना: कोणतं पाठवायचं, कोणतं परत खाली ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वापरलेल्या पुस्तकांचे लॉट स्वस्तात मिळत असतील, तर ते ॲमेझॉनच्या एफबीएसारख्या ('फुलफिलमेंट बाय ॲमेझॉन') गोदामसेवेत पाठवून विकणं परवडतं का? साठवण, पॅकिंग, रवानगी, परत आलेला माल हे सगळं गोदामवाले बघतात, म्हणजे आपण नुसती खोकी भरत राहायची का?

परवडतं, पण लॉटमधल्या थोड्याच पुस्तकांचं. मिळेल ते सगळं पाठवलं तर गोदामात न विकलेला ढीग साचतो, आणि तो परत मागवायचा म्हटलं तरी नगामागे पैसे मोजावे लागतात. या धंद्यातली कमाई बरीचशी ठरते ती पुस्तक हातात घेऊन परत खाली ठेवण्यावर. म्हणून उत्तराचा मोठा भाग निवडीवरच आहे.

आधी हिशोब. चलन कुठलंही धरा, नुसतं प्रमाण बघा. पुस्तक १०० ला विकलं. बाजारपेठेचं कमिशन १५ टक्के, म्हणजे १५ गेले. पुस्तकांवर काही ठिकाणी याशिवाय नगामागे ठरीव शुल्क असतं. ते १२ धरू. गोदामातून उचलून, गुंडाळून ग्राहकाला पोचवण्याचं शुल्क वजनावर आणि मापावर ठरतं; मध्यम पुस्तकाला २८ धरू. तुमच्याकडून गोदामापर्यंतची वाहतूक ३, लेबल आणि खोकं १, काही महिन्यांचं भाडं २. एकूण ६१. उरले ३९. पुस्तक १० ला घेतलं असेल तर हातात २९. इथवर छान वाटतं. आता दुसऱ्या कुणीतरी भाव पाडला आणि तेच पुस्तक ७५ ला विकावं लागलं. कमिशन ११.२५ झालं, बाकीचे ४६ होते तिथेच. उरले १७.७५, त्यातून खरेदीचे १० वजा केले की ७.७५. भाव पाव हिश्श्याने उतरला, पण नफ्याचा जवळजवळ पाऊण हिस्सा गेला. ६६ च्या खाली तर पदरचेच जातात. दर देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात, पण हा सांगाडा सगळीकडे असाच: खर्चाचा मोठा भाग भावाबरोबर कमी होत नाही. त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला आजचा भाव लावून हिशोब करू नका. तो भाव पाव हिश्श्याने घसरला तर काय उरतं ते बघा. तिथेही काही उरत असेल तरच घ्या.

मासिक भाड्याचा धसका नवीन माणूस फार घेतो. खरं तर नेहमीच्या आकाराची चाळीस-पंचेचाळीस पुस्तकं एका घनफुटात मावतात, त्यामुळे एकेका पुस्तकाच्या वाट्याला येणारं भाडं किरकोळ असतं. सणासुदीच्या तिमाहीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या गोदामांत ऑक्टोबर ते डिसेंबर, ते बरंच चढतं, हे लक्षात ठेवा. खरी झळ दुसरीकडून बसते: पडून राहिलेल्या काळात भाव उतरतो, जुन्या मालावर जादा आकार लागू होतो, आणि शेवटी परत मागवण्याचा किंवा नष्ट करण्याचा खर्च येतो.

खरेदी करताना फोनला जोडलेला ब्लूटूथ स्कॅनर आणि भाव दाखवणारं ॲप पुरतं. जिथे नेटवर्क मिळत नाही अशा तळघरांत आणि सभागृहांत लॉट बघायचे असतील, तर आधीच यादी उतरवून ठेवणारं ॲप घ्या. ॲपमध्ये घ्या-सोडा असे नियम लावता येतात. ते लावाच, नाहीतर पन्नासाव्या पुस्तकानंतर डोळ्यांना सगळंच बरं दिसायला लागतं.

आता विक्री क्रमांक, म्हणजे विक्रीवरून बाजारपेठ प्रत्येक पुस्तकाला देते तो, ज्याला सगळे रँक म्हणतात. आकडा जितका लहान तितकी विक्री ताजी. घोटाळा होतो तो याच 'ताजी' शब्दापाशी. वर्षातून चारदा विकलं जाणारं पुस्तक नेमकं काल विकलं गेलं असेल तर आज त्याचा क्रमांक झकास दिसतो. दोन आठवड्यांनी तोच आकडा कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून एका क्षणाचा क्रमांक बघून पैसे टाकू नका. कीपासारख्या सेवेत क्रमांकाचा आलेख मिळतो. त्यात रेघ हळूहळू वर चढत जाते आणि मग एकदम खाली कोसळते. प्रत्येक कोसळणं म्हणजे किमान एक विक्री. मागच्या १८० दिवसांत अशा खाली जाणाऱ्या किती उड्या आहेत ते मोजा आणि त्याला तुमच्यासारख्याच दर्जाची प्रत गोदामातून विकणाऱ्यांच्या संख्येने भागा, स्वतःला धरून. समजा उड्या १२ आणि विक्रेते तुमच्यासह ७. तुमच्या वाट्याला सहा महिन्यांत दीडेक विक्री येते, आणि तीही कागदावर, कारण त्या १२ मध्ये नव्या प्रती आणि घरून पाठवणाऱ्यांच्या विक्रीही मिसळलेल्या आहेत. अशा पुस्तकाची एक प्रत घ्या. लॉटमध्ये पाच असल्या तरी एकच पाठवा.

त्याच आलेखावर आणखी एक रेघ बघायची: वापरलेल्या प्रतींच्या विक्रेत्यांची संख्या. ती सतत चढत असेल तर भाव अजून पडायचाय. हे बहुतेक वेळा दोन कारणांनी होतं: लोकप्रिय कादंबरीच्या हजारो प्रती एकदम वाचून झाल्या, किंवा पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आली. दुसरं कारण जास्त वाईट. नवी आवृत्ती येताच जुनीचा भाव काही आठवड्यांत आपटतो आणि परत उठत नाही. पाठ्यपुस्तक हातात आलं की आधी कॉपीराइट पानावरचं वर्ष बघा, मग नवी आवृत्ती जाहीर झाली आहे का ते शोधा. याउलट शिवणकाम, सुतारकाम, यंत्रदुरुस्ती, स्थानिक इतिहास, जुन्या सॉफ्टवेअरची नव्हे पण जुन्या यंत्रांची मॅन्युअल्स, वैद्यकातले विशेष ग्रंथ, संगीताच्या नोटेशनची पुस्तकं, यांचे खप लहान पण भाव टिकाऊ. बेस्टसेलरचा ढीग दिसला की हात आखडता घ्यावा आणि कंटाळवाणं मुखपृष्ठ दिसलं की स्कॅन करावं, हा ढोबळ नियम बऱ्याचदा बरोबर निघतो.

पुढचा फसण्याचा मुक्काम म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. २००६ संपेपर्यंत तो १० अंकी होता. १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी. जुन्या अंकाच्या पुढे ९७८ लावलं की नवा तयार होतो असं समजू नका, कारण शेवटचा पडताळा-अंक नव्याने काढावा लागतो. ०-३०६-४०६१५-२ हा दहा अंकी घेतला तर त्याचा तेरा अंकी होतो ९७८-०-३०६-४०६१५-७. शेवटचा २ जाऊन ७ आला. दहा अंकीच्या शेवटी कधी एक्स असतो, तो १० चा. ९७९ ने सुरू होणाऱ्यांना दहा अंकी जोडीदारच नसतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या ब्रिटिश पुस्तकांवर नऊच अंक दिसले तर पुढे एक शून्य लावा, दहा अंकी मिळतो, आणि तिथे शेवटचा अंक बदलत नाही.

बारकोडही सरळ नसतो. मुख्य बारकोडच्या उजवीकडे पाच अंकांचा छोटा तुकडा असतो, तो किमतीचा. ९०००० असेल तर किंमत दिलेली नाही. अमेरिकेतल्या जुन्या स्वस्त खिशातल्या आवृत्त्यांवर मागच्या बाजूला असलेला बारकोड पुस्तकाचा नसून प्रकाशक आणि किंमत सांगणारा असतो. तो स्कॅन केला तर भलतंच काहीतरी निघतं. पुस्तकाचा खरा बारकोड मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला सापडतो. बहुखंडी ग्रंथांत आणखी गंमत: संपूर्ण संचाचा एक क्रमांक आणि प्रत्येक खंडाचा वेगळा. पहिल्या खंडावर दोन्ही छापलेले असतात. बाजारपेठेवर संचाच्या विक्रीपानावर एकच खंड लावला की पुस्तक परत येणं ठरलेलं.

म्हणून स्कॅन झालं तरी चार गोष्टी डोळ्यांनी जुळवायच्या: शीर्षक, आवृत्ती, बांधणी (पुठ्ठ्याची की कागदी), आणि प्रकाशक. बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या, आवृत्त्या दिसायला हुबेहूब असतात, पण बहुधा किंचित लहान, हलक्या कागदावर, जॅकेटवर छापील किंमत नाही. त्या मूळ आवृत्तीच्या पानावर लावायच्या नाहीत. पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आंतरराष्ट्रीय आवृत्त्यांचंही तेच. इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कर्टसेंग विरुद्ध जॉन वायली या खटल्यात परदेशात कायदेशीरपणे छापलेली प्रत विकत घेणाऱ्याला ती अमेरिकेत पुन्हा विकता येते असा निकाल दिला. त्यामुळे विकणं कायदेशीर ठरलं. पण अमेरिकी आवृत्तीच्या पानावर ती लावायची मुभा त्यातून मिळत नाही. ग्राहकाने एका वस्तूचं चित्र बघून दुसरी वस्तू मिळवली, एवढंच बाजारपेठ बघते. प्रकाशनापूर्वी परीक्षणासाठी वाटलेल्या प्रतींना ॲमेझॉनवर मज्जावच आहे. मुखपृष्ठावर 'विक्रीसाठी नाही' किंवा 'असंशोधित मुद्रित' अशा अर्थाचं काही दिसलं की बाजूला काढा. आणि आयएसबीएन नसलेलं जुनं, दुर्मिळ पुस्तक गोदामात कधी पाठवू नका. त्याला फोटो लागतात, तपशील लागतो, जपून पॅकिंग लागतं. गोदामात ते इतर कुठल्याही डब्यासारखं हाताळलं जाईल.

प्रत तपासायला सवयीने दीड-दोन मिनिटं लागतात. पुस्तक नाकाशी नेऊन मधून उघडा. कुबट, ओलसर वास आला तर तिथेच थांबा. नाकाला तो वास दहा मिनिटांनी जाणवत नाही, ग्राहकाला मात्र पाकीट फोडताक्षणी जाणवतो. पानांची कड आडवी धरून उजेडात बघा: लाटा दिसल्या तर पाणी लागलंय. तपकिरी ठिपके विखुरलेले असतील तर ते कागद जुना झाल्याचं लक्षण, नोंद करून चालतं. पण राखाडी-हिरवट, केसाळ डाग म्हणजे बुरशी, आणि ते पुस्तक इतरांच्या खोक्यातसुद्धा ठेवायचं नाही. पृष्ठभाग खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या दिसल्या तर कसर. कण्यापाशी बारीक पिवळसर भुसा पडत असेल तर आत किडा जिवंत असू शकतो.

मग बांधणी. कागदी बांधणीच्या बहुतेक पुस्तकांत पानं नुसती गोंदावर उभी असतात. तो गोंद वर्षानुवर्षांनी कडक होतो. पुस्तक मधोमध हलकेच उघडा. कडकन आवाज आला किंवा कण्याच्या आत पांढरी रेघ दिसली तर ते पुस्तक प्रवासात दोन तुकडे होऊन पोचेल. शिलाईची बांधणी असेल तर फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, मधोमध दोरा दिसतो. ती बरंच सोसते. शेवटी अंगठ्याने पानं सर्रकन सोडा, एकदा पुढून, एकदा मागून. हायलायटर आणि पेनाच्या खुणा बहुतेकदा पहिल्या दोन-तीन प्रकरणांत दाटीने असतात, कारण वाचणाऱ्याचा उत्साह तिथवरच टिकतो. नुसती मधली पानं उघडून 'स्वच्छ' लिहिणारे इथेच पकडले जातात. याच फेरीत जुनी तिकिटं, पत्रं, फोटो बाहेर पडतात; ती काढा. सोबतची सीडी, नकाशा, उत्तरपत्रिका आहे का तेही बघा. ऑनलाइन प्रवेशाचा कोड वापरलेल्या प्रतीत चालेल असं कधीच धरू नका, आणि नोंदीत तसं स्पष्ट लिहा.

प्रतीचा दर्जा ठरवताना एक पायरी खालची लावा. ॲमेझॉनवर वापरलेल्या पुस्तकांना चार पायऱ्या आहेत: लाइक न्यू, व्हेरी गुड, गुड आणि ॲक्सेप्टेबल. लाइक न्यू म्हणजे भेट देता येईल अशी प्रत. कडेवर प्रकाशकाने उरलेला माल काढताना मारलेली शाईची रेघ असेल तर तीही चालते, पण नोंदीत लिहावी लागते. आत थोड्याफार खुणा, नाव लिहिलेलं, किंवा ग्रंथालयाचे शिक्के असतील तर गुड. ग्रंथालयातून काढलेली प्रत असेल तर ते नोंदीत लिहायचंच, लपवायचं नाही. मजकूर पूर्ण वाचता येतो पण खुणा भरपूर, तर ॲक्सेप्टेबल. आणि अशी प्रत गोदामात पाठवण्याइतका भाव क्वचितच मिळतो. पाठ्यपुस्तकांचा अपवाद, तिथे विद्यार्थ्याला खुणांचं फारसं वावडं नसतं. नोंद अशी असावी: 'पहिल्या ४० पानांत पिवळ्या हायलायटरच्या खुणा, पुढे स्वच्छ. कण्यावर एक घडी. सीडी नाही.' 'जुन्या पुस्तकाला असते तशी स्थिती' या वाक्याचा ग्राहकालाही उपयोग नाही आणि तक्रार आल्यावर तुम्हालाही नाही.

वापरलेलं पुस्तक 'नवं' म्हणून विकायचा मोह टाळा, कोरं करकरीत दिसत असलं तरी. कुणी बनावट किंवा वापरलेलं असल्याची तक्रार केली की बाजारपेठ खरेदीचं बिल मागते, आणि लॉटमध्ये घेतलेल्या मालाचं पुस्तकवार बिल कुणाकडेच नसतं. महागड्या पाठ्यपुस्तकांच्या बनावट प्रतीही फिरत असतात: छपाई किंचित पुसट, कागद पातळ, रंग फिके, कण्यावरची अक्षरं मध्यभागी नाहीत. अशी शंका आली तर नफा सोडा. एका पुस्तकापायी खातं अडकलं तर गोदामातला सगळा मालही अडकतो.

साफसफाई थोडी आणि कोरडी करा. गुळगुळीत लॅमिनेटेड मुखपृष्ठ मऊ फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसता येतं; साध्या कागदी किंवा कापडी मुखपृष्ठावर ते वापरू नका, शाई उठते. जुने स्टिकर ओढू नयेत. हेअर ड्रायरने वीस-तीस सेकंद ऊब द्या, कोपरा नखाने उचला आणि मुखपृष्ठाला जवळजवळ समांतर धरून सावकाश सोला. वर उभं ओढलं की छपाईचा पापुद्रा सोबत येतो. पानांच्या कडेवरचा मळ पांढऱ्या खोडरबराने जातो. फार झालं तर ४०० नंबरचा सँडपेपर, पुस्तक घट्ट दाबून धरून, एकाच दिशेने. वास घालवण्यासाठी बंद डब्यात खाण्याचा सोडा किंवा कोळसा ठेवून आठवडाभर पुस्तक आत ठेवतात. तंबाखूचा सौम्य वास जातो, बुरशीचा जात नाही. त्यावर वेळ घालवू नका.

लेबल हा सगळ्यात क्षुल्लक वाटणारा आणि सगळ्यात जास्त घोळ करणारा टप्पा. वापरलेल्या प्रत्येक प्रतीवर तुमच्या खात्याचं वेगळं लेबल लागतं. तेच गोदामात वाचलं जातं. ते मूळ बारकोडच्या बरोबर वर, त्या पाच अंकी तुकड्यासकट सगळं झाकेल असं लावायचं. मूळ बारकोडचा अर्धा सेंटिमीटर जरी उघडा राहिला तरी स्कॅनर तो उचलू शकतो आणि पुस्तक भलत्याच नोंदीत जमा होतं. कण्यावरून वळेल किंवा कडेबाहेर जाईल असं लेबल नको. जॅकेट असलेल्या पुस्तकाचं जॅकेट प्रवासात निसटतं, आणि लेबल जॅकेटवर असेल तर पुस्तक निनावी होतं. अशी प्रत पारदर्शक पिशवीत घालून लेबल पिशवीवर लावा. पिशवीचं तोंड ५ इंच किंवा जास्त असेल तर ॲमेझॉनला गुदमरण्याचा इशारा छापलेला लागतो. थर्मल छपाई वापरत असाल तर ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) यंत्र घ्या. २०३ चं स्वस्त पडतं, पण छोट्या लेबलवरच्या बारीक रेघा एकमेकांत मिसळतात. लेबलं सहज निघणारी घ्या, म्हणजे परत आलेलं पुस्तक पुन्हा विकता येतं. संच असेल तर तो पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि 'हा संच आहे, सुटा करू नये' असं वरून चिकटवा, नाहीतर गोदामात त्याचे चार नग होतात.

खोकं किती मोठं घ्यायचं हे वजन ठरवतं. १४ बाय २१.६ सेंमीचं ४०० पानी पुस्तक म्हणजे २०० कागद, ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम) हिशोबाने ४८४ ग्रॅम, आणि मुखपृष्ठ धरून अर्धा किलो. जाडी साधारण दोन सेंटिमीटर. म्हणजे लिटरमागे पाऊण किलोहून जास्त. ३० सेंमीचं चौरस खोकं २७ लिटरचं. ते पुस्तकांनी भरलं की सहज १८ ते २० किलो होतं. ॲमेझॉनची अमेरिकेतली मर्यादा ५० पौंड, म्हणजे पावणेतेवीस किलोंच्या आत. त्यामुळे याहून मोठं खोकं आणलं तर अर्धं रिकामं पाठवावं लागेल. दुहेरी पन्हाळीचं खोकं घ्या. पुस्तकं आडवी, मोठी खाली, कणा एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, म्हणजे थर तिरका होत नाही. उभी ठेवायची वेळ आलीच तर कणा खाली. पानांची कड खाली ठेवली की पानांच्या वजनाने बांधणी कण्यातून ओढली जाते. मोकळी जागा चुरगळलेल्या कागदाने किंवा हवेच्या पिशव्यांनी भरा. थर्मोकोलचे दाणे आणि कागदाचा कीस गोदामवाले घेत नाहीत. बंद खोकं हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

प्रत्येक खोक्यात काय काय आहे ते भरतानाच स्कॅन करून नोंदवा, आणि झाकण लावण्याआधी वरून एक फोटो, तराजूवरच्या आकड्याचा दुसरा. गोदामात ४० पैकी ३८ जमा झाली की दाव्यासाठी हेच उपयोगी पडतं. दाव्यांना मुदत असते, तेव्हा रवानगीची पोच पडली की आठवड्या-दोन आठवड्यांत ताळा करा. एकाच रवानगीची पुस्तकं दोन-तीन गोदामांत विभागून मागवली जातात, याचीही तयारी ठेवा. एकाच ठिकाणी सगळं पाठवायची सोय असते, पण त्याचे पैसे वेगळे. शिवाय माल ज्या राज्यात किंवा देशात साठवला जातो तिथे करनोंदणीची जबाबदारी येऊ शकते. हे पहिल्या रवानगीआधी हिशोबनिसाला विचारायचं.

भाव लावताना नवखे सगळ्यात खालच्या आकड्याकडे बघतात. तो बहुतेकदा घरून पाठवणाऱ्याचा असतो, त्यावर पोचवण्याचा खर्च वेगळा आणि पोचायला दिवस जास्त. तुमची तुलना त्याच किंवा वरच्या दर्जाची प्रत गोदामातून विकणाऱ्यांशी. त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्याच्या बरोबरीने भाव ठेवा. एक पैसा खाली जायचा खेळ आपोआप भाव बदलणारे दोन प्रोग्रॅम सुरू करतात आणि रात्रीत दोघांनाही तळाला नेतात. असा प्रोग्रॅम वापरत असाल तर प्रत्येक पुस्तकाला किमान भाव हाताने ठरवून द्या, वर केलेल्या हिशोबातून. गोदामातून विकणारं दुसरं कुणी नसेल तर घरून पाठवणाऱ्याच्या एकूण खर्चाहून थोडा जास्त भावही चालतो, कारण घाई असलेला ग्राहक दिवस विकत घेतो. पाठ्यपुस्तकांचा भाव सत्र सुरू होण्याच्या सुमारास चढतो. त्याआधी महिना-दीड महिना माल आत गेलेला हवा, कारण नेमक्या त्याच काळात गोदामात नोंदणीला उशीर लागतो. हंगामाबाहेर भाव पाडून ती विकून टाकू नका.

इतर पुस्तकांना मात्र मुदत लावा. पहिले ९० दिवस बाजारभाव धरून ठेवा. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी पाच ते दहा टक्के उतरवत किमान भावापर्यंत या. नऊ महिन्यांनी निर्णय घ्या: आलेखात गेल्या सहा महिन्यांत उडी असेल तर राहू द्या, नसेल तर किमान भावाच्याही खाली आणून मोकळे व्हा. तोटा वाटतो, पण तुलना परत मागवण्याच्या खर्चाशी करायची. त्याच्या मानाने शून्याच्या आसपास सुटणं बरं. परत मागवायचंच असेल तर ज्याचा भाव तो खर्च भागवून वर उरेल तेवढंच मागवा.

परत आलेल्या पुस्तकांबाबत सावध राहा. गोदामातला माणूस पाकीट उघडतो, लेबल वाचतो, वरकरणी ठीक दिसलं तर 'विक्रीयोग्य' म्हणून परत फळीवर ठेवतो. आत कॉफी सांडली आहे का, ग्राहकाने महिनाभर वापरून खुणा केल्या आहेत का, हे कोण बघणार? व्हेरी गुड म्हणून गेलेली प्रत आता गुडही नसते, पण तुमच्या यादीत तीच नोंद असते. किमती पुस्तक परत आलं की ते मागवून घ्या, स्वतः तपासा, नव्याने दर्जा ठरवून पाठवा. ॲमेझॉन सदोष ऑर्डरींचं प्रमाण १ टक्क्याच्या आत मागतं, आणि महिन्याला शंभर पुस्तकं विकणाऱ्याला दोन चुकीच्या नोंदीही जड जातात.

उरलेल्या पुस्तकांचं काय, हा प्रश्न राहतोच. मोठी, जड, चित्रांची पुस्तकं ज्यांचा हाताळणीचा खर्च भावाला खातो. वर्षातून एक-दोनदाच विकली जाणारी पण चांगल्या भावाची. आणि आयएसबीएन नसलेली. ही घरच्या फळीवर ठेवून स्वतः पाठवा. तिथे नगाचं भाडं नाही, परत मागवण्याचा खर्च नाही, आणि फोटो लावता येतात. फळ्यांना क्रमांक द्या आणि नोंदीतल्या कोडमध्ये तोच क्रमांक घाला, उदाहरणार्थ 'ब-३-१७', म्हणजे दोन वर्षांनी ऑर्डर आली तरी पुस्तक शोधायला अर्धा मिनिट लागतो. जे ना इथे बसत ना तिथे, ते वजनावर द्या किंवा दान करा, पण त्याच आठवड्यात. पहिल्यांदा पाठवताना एकच खोकं, तीस-पस्तीस पुस्तकं, वेगवेगळ्या विषयांची. ती जमा होऊन पहिली दहा विकली जाईपर्यंत दुसरं खोकं भरू नका. आकारणीच्या तपशिलात प्रत्येक नगामागे काय काय कापलं गेलं ते ओळीओळीने बघा आणि वरच्या हिशोबातले माझे आकडे खोडून तिथे तुमचे घाला.